शिवून टाकलेलं पान

कोंडाबाईच्या आधी तिच्या आईची दोन लेकरं गेली होती. म्हणून तिसरी जन्मली तेव्हा सुईणीनं एक युक्ती केली. पोर बाळंतिणीच्या कुशीतून उचलली, सुपात घातली, उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "कोण घेतंय का ओ पोरगी?" आतून आईनं मूठभर कोंडा दिला आणि आपलीच लेक विकत घेतली. यमाच्या वहीत त्या दिवशी लेकरू लागलंच नाही, कोंडा लागला. आज कोंडाबाई छपन्न वर्षांची आहे, अजून दातानं सुपारी फोडते, आणि कुणी म्हणालं की शब्दात काय असतं, तर ती म्हणते, "माझ्याकडं बघा की."

उमरी तालुक्यातल्या सावरढव गावात ती अंगणवाडी सेविका आहे. तेवीस वर्षं झाली. अंगणवाडीची किल्ली तिच्या कमरेला असते. नवीन लुगडं नेसलं तरी आधी किल्ली खोचायची, मग पदर.

तिच्या घरात मीठ संपत नाही, मीठ 'वाढतं'. बांगडी फुटत नाही, तीही 'वाढते'. मालक संध्याकाळी किराणा दुकान बंद करत नाहीत, 'वाढवतात'. दिवा विझवत नाहीत, त्याला निरोप देतात. आणि दारातून निघताना कुणी चुकून 'जातो' म्हणालं, तर कोंडाबाई त्याला परत आत बोलावते, पाणी पाजते, 'येतो' म्हणवून घेते आणि मगच सोडते. पोस्टमन एकदा असा तीन वेळा पाणी पिऊन गेला. तेव्हापासून तो दारातूनच ओरडतो, "आलो आणि येतो!"

हे सगळं गावाला सवयीचं होतं. चार वर्षांपूर्वी मोबाईल आला नसता तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

मोबाईल सरकारी होता आणि त्यात एक ॲप होतं. लेकरांची नावं, वजन, उंची, हजेरी, सगळं त्यातच भरायचं. पण बटणांवरचे शब्द इंग्रजी. म्हणून उमरीला दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं आणि प्रत्येकीच्या हातात शंभर शब्दांचा कागद दिला. एका बाजूला देवनागरीत इंग्रजी शब्द, समोर मराठी अर्थ. ट्रेनिंगचे सर म्हणाले, "बायांनो, हे शंभर शब्द पाठ झाले की कामच काय, अख्खं इंटरनेट तुमच्या मुठीत. महिन्यानं तोंडी परीक्षा."

कोंडाबाई मराठी शाळेत दहावी झालेली. इंग्रजीला भ्यायची, पण पाठांतराला नाही. हरिपाठ, व्यंकटेशस्तोत्र, अंगणवाडीची बावन्न गाणी तिला पाठ. तिनं तो कागद देवघरात समईजवळ ठेवला आणि रोज पूजा झाली की पाच शब्द, असा नेम धरला.

पहिले काही दिवस आनंदात गेले. सेव्ह म्हणजे राखणे. "हा तर देवाचाच शब्द झाला," ती मदतनीस गुरम्माला म्हणाली. शेअर म्हणजे वाटणे, म्हणजे प्रसाद. रिफ्रेश म्हणजे ताजं होणे, म्हणजे आंघोळ. ॲटॅच म्हणजे जोडणे, म्हणजे नवरानवरीच्या उपरण्याची गाठ. पासवर्ड म्हणजे गुरुमंत्र, कुणाला सांगायचा नाही. गुरम्मा देगलूरकडची. तिला मराठी, कन्नड, थोडी तेलुगू यायची, इंग्रजी अजिबात नाही. पण कोंडाबाई म्हणेल तो शब्द तीही घोकायची. अंगण झाडता झाडता दोघी "अपलोड, डाउनलोड" म्हणायच्या. चढवणे, उतरवणे. उखळाच्या लयीत.

सातव्या दिवशी 'डिलीट' आला. समोर अर्थ लिहिला होता: पुसून टाकणे.

कोंडाबाईनं कागद खाली ठेवला. समोर देव, वर तेवती समई, आणि सवाशिणीनं तोंडातून काय काढायचं? पुसून टाकणे! तिनं घाईघाईनं पुढचा शब्द बघितला. एंड. त्याच्या पुढचा, एक्झिट. मग एक्स्पायर्ड. तिनं कपाळाचं कुंकू चाचपलं, कागद उचलला आणि देवघराच्या बाहेर येऊन उभ्यानंच सगळा वाचून काढला. चांगल्या घरात पाहुण्यांबरोबर दोन-चार चोर घुसावेत तसे त्या शंभरात अडतीस शब्द निघाले. रिमूव्ह, रिजेक्ट, ब्लॉक, फेल्ड, एरर, कॅन्सल, लॉगआउट. ब्लॉक म्हणजे सरळ सरळ वाळीत टाकणं. लॉगआउट म्हणजे घराबाहेर काढणं. कॅन्सल तर तिला आधीच ठाऊक होता. भाचीचं ठरलेलं लग्न ऐन हळदीत कॅन्सल झालं होतं.

तिनं एक वही केली. पहिल्या पानावर बासष्ट शब्द लिहिले, वर श्री काढला. शेवटच्या पानावर अडतीस लिहिले, पान उभं दुमडलं, आत कडुनिंबाचा पाला घातला आणि सुईदोऱ्यानं तिन्ही बाजू शिवून टाकल्या.

परीक्षेत बासष्ट शब्द तिनं अडखळल्याशिवाय म्हटले. सरांनी विचारलं, "आता डिलीट म्हणजे?"

"तेवढा मला चालत न्हाई, सर," कोंडाबाई हात जोडून म्हणाली, कांदा-लसूण न खाणारी पंगतीत म्हणते तसं.

"बरं, कॅन्सल?"

"तो पण न्हाई चालत."

सरांना वाटलं बाईंचं काहीतरी व्रत असेल. त्यांनी पुढचीला बोलावलं. बासष्टला पास करायचं असतं.

तेव्हापासून कोंडाबाईनं त्या मोबाईलवर एकही अशुभ बटण दाबलं नाही. फोन तिनं कधी स्वतःहून ठेवला नाही; समोरच्यानं ठेवायचा. गुरम्मालाही तिनं तेच शिकवलं, त्यामुळे एका बुधवारी दोघींचा फोन दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत चालूच राहिला. बोलणं दोन मिनिटांत झालं होतं. पुढचे सहा तास एकीला दुसरीच्या घरातल्या भाकरी थापायचा आवाज येत होता. सकाळी सकाळी येणारी देवांची चित्रं तर पुसायचा प्रश्नच नव्हता. चार हजारांवर देव फोनमध्ये वस्तीला होते. फोन इतका जड झाला की ॲपचं बटण दाबून कोंडाबाई अंगण झाडायला जायची, झाडून, सडा घालून आली की ॲप उघडलेलं असायचं.

खरा घोळ झाला नावांचा. वरून लिहून आलं होतं, 'सर्व बालकांची नावे भरावीत.' सर्व म्हणजे सर्व. कोंडाबाईनं तोवरच्या एकोणीस वर्षांची रजिस्टरं काढली. त्यातही तिनं कधी कुणाच्या नावावर काट मारली नव्हती. जित्या लेकराच्या नावावर लाल रेघ कोण मारील? लेकरू मोठं होऊन शाळेत गेलं तरी नाव जागेवर. तिनं सगळी नावं खऱ्या जन्मतारखांसकट ॲपमध्ये चढवली, पुढं दर जूनला नवी भरत गेली. यंदापर्यंत सगळी मिळून दोनशे चौदा. त्यातली एकतीस खरोखर अंगणवाडीतली, बाकीची एकशे त्र्याऐंशी गावभर, जिल्हाभर पसरलेली. ॲपनं ती एकशे त्र्याऐंशी नावं लाल करून दाखवली. लाल रंग बघून कोंडाबाईला बरंच वाटलं. कुंकवाचा रंग.

हजेरी मात्र ती चोख भरायची. एकतीस हजर, एकशे त्र्याऐंशी गैरहजर. खिचडीचं धान्य हजेरीवर यायचं, त्यामुळे दाण्याची लबाडी नव्हती. पण महिन्यानं ॲप म्हणालं, सतत गैरहजर बालकांच्या घरी भेट द्या व कारण नोंदवा. कोंडाबाईनं छत्री घेतली आणि निघाली.

भुजंग अंगणात आरसा लावून दाढी करत होता. चोवीस वर्षांचा. सुट्टीवर आलेला.

"भुजंग, अंगणवाडीत कामून येऊन नाही राहिलास?"

भुजंगनं वस्तरा खाली घेतला. "बाई, मी पोलिसात हाय."

"ते मला ठाऊक हाय रे. मोबाईल विचारून राहिलाय."

"मग लिव्हा की. ड्यूटी हाय म्हणावं."

कोंडाबाईनं लिहिलं: ड्यूटी. आदिनाथ पैलवानाच्या नावापुढं लिहिलं: तालीम. पुनमच्या नावापुढं: डॉक्टरकीच्या क्लासला लातूरला. कुणापुढं: लग्न झालं, मुदखेडला दिली. कुणापुढं: लग्न जमत नाही म्हणून घराबाहेर पडत नाही. ॲपनं सगळी कारणं मुकाट्यानं घेतली. दर महिन्याला भेट, दर महिन्याला कारण, अशी चार वर्षं गेली.

मग यंदा, एका शनिवारी, विशाखा मॅडम स्कूटीवरून आल्या. मुदखेडच्या. सुपरवायझर म्हणून रुजू होऊन त्यांना दोनच महिने झाले होते. त्या आत आल्या, लेकरांच्या बुटक्या खुर्चीत बसल्या आणि पिशवीतून एक पत्र काढलं.

"कोंडाबाई, तुमच्या अंगणवाडीतली एकशे त्र्याऐंशी लेकरं चार वर्षांपासून गायब आहेत म्हणे."

"गायब कशाला होतील मॅडम? हितंच हायेत. एखादा तुम्हाला फाट्यावर भेटला असंल, मिशीवाला."

विशाखा मॅडमनी यादी उघडली. वाचत गेल्या. ड्यूटीपाशी थांबल्या, तालमीपाशी थांबल्या. मग त्यांनी तोंडाला रुमाल लावला. हसतायत की रडतायत ते गुरम्माला कळेना, तिनं आपलं पाणी आणून दिलं.

"बाई, ह्यात हसण्यासारखं काही नाही बरं का," मॅडम स्वतःलाच म्हणाल्या. "येत्या शुक्रवारी अकरा वाजता नांदेडहून पथक येणार आहे. एकतर दोनशे चौदा लेकरं समोर बसलेली पाहिजेत, नाहीतर यादी साफ पाहिजे. नाही झालं तर तुमची सेवा समाप्त."

कोंडाबाईचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. तरी तोंडातून सवयीनं निघालंच, "समाप्त म्हणू नये मॅडम. वाढवतील म्हणावं."

"वाढवतील म्हटलं तर उलटंच होतंय ना!"

बाहेर लेकरं घसरगुंडीवर ओरडत होती.

"हे बघा," मॅडमनी फोन पुढं केला. "हे नाव. ह्याच्यावर बोट धरायचं. हे आलं बटण. डिलीट. दाबा."

कोंडाबाईनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"बरं, मी दाबते." मॅडमनी दाबलं, ॲपनं परत विचारलं तेव्हा पुन्हा दाबलं. पण ॲप हुशार. ते म्हणालं, सेविकेचा चेहरा दाखवा. मॅडमनी फोन कोंडाबाईच्या तोंडासमोर धरला. कोंडाबाईनं डोळे मिटून घेतले. ॲप म्हणालं, डोळे उघडा. कोंडाबाईनं आणखी घट्ट मिटले.

"गुरम्मा, तुमच्या बाईंचे डोळे उघडा हो!"

"अय्यो, बेडा, बेडा!" गुरम्मा मागं सरली. घाबरली की तिचं मराठी पळून जायचं आणि कन्नड पुढं यायचं. 'बेडा' म्हणजे 'नको' हे सावरढवच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

विशाखा मॅडम पुन्हा खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "माझी आजी आहे, धुरपताबाई. आमच्या घरात बुद्धवंदना. देव नाही, उपास नाही, काही नाही. पण मीठ संपलं म्हटलं की आजी अजून पायातली काढते. मीठ वाढलं म्हण, म्हणते."

"मग? शहाणी हाय तुमची आजी."

"आहेच. पण मला सांगा, लेकरू अंगणवाडीतून शाळेत जातं, तेव्हा तुम्हाला काय म्हणून जातं?"

कोंडाबाई विचारात पडली. तेवीस वर्षांत हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. एप्रिलात सुट्टी लागायची, लेकरं धूम पळायची, जूनमध्ये थेट शाळेच्या रांगेत दिसायची. पोस्टमनला तिनं येतो म्हणवून घेतलं, लसवाल्या नर्सला म्हणवून घेतलं. एकशे त्र्याऐंशी लेकरांपैकी एकानंही निरोप घेतला नव्हता.

"कुणी काहीच म्हणलेलं न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणून तर आडकून पडलेत सगळे."

"काय?"

"मॅडम, ह्यांना आधी येतो म्हणू द्या. ज्याचं नाव, त्यानंच बोट लावायचं. मग मी डोळे उघडते."

विशाखा मॅडमनी कपाळाला हात लावला. सहा दिवस. एकशे त्र्याऐंशी माणसं. पण मिटलेले डोळे त्यांनी बघितले होते, म्हणून त्या 'बरं' म्हणाल्या.

गावाच्या ग्रुपवर निरोप गेला: 'सावरढव अंगणवाडीत शिकलेल्या सर्वांनी सोमवारपासून निरोप घ्यायला यावे. लग्न झालेल्या लेकींनी शक्यतो जोडीनं यावे.'

सोमवारी सकाळी रांग लागली. पोलीस, ड्रायव्हर, दोन बाळंतिणी, बारावी नापास, बारावी पास, पतसंस्थेतला शिपाई. ज्याचा नंबर येईल त्यानं आत जाऊन आपल्या जुन्या जागेवर मांडी घालून बसायचं, एक गाणं म्हणायचं, मग उठून नावावर बोट धरायचं. बटण आलं की "बाई, येतो" म्हणायचं आणि दाबायचं. कोंडाबाई डोळे उघडे ठेवून फोनकडं बघायची, गुरम्मा हातावर साखर द्यायची. नाव नाहीसं व्हायचं, माणूस साखर चाटत बाहेर पडायचा. सगळं देवळातल्यासारखं नीट चाललं असतं, पण ॲपला आणखी एक अट होती. नाव काढण्याआधी शेवटचं वजन आणि उंची भरा.

अंगणवाडीत झोळीचा काटा, पंचवीस किलोचा. भुजंग झोळीत एक पाय घालून बघत होता तोवर आढ्याची खुंटी हलली. मग गुंडप्पा आडत्याला निरोप गेला. त्यानं सोयाबीनचा काटा हातगाडीवर घालून आणला आणि स्वतः शेजारी उभा राहिला, सवयीनं प्रत्येकाच्या दंडाला चिमटा काढून ओल बघत.

"भुजंग, बहात्तर किलो. माल चांगला हाय."

"काका, हात काढा."

आदिनाथ पैलवान चढला तेव्हा काटा कण्हला. एकशे चार किलो. कोंडाबाईनं आकडा टाकला, पण ॲपच्या चौकटीत किलोसाठी दोनच घरं. तिसरा आकडा आपोआप टिंबाच्या पलीकडं गेला. दहा पूर्णांक चार. क्षणात पडदा लाल झाला आणि घंटी वाजली: बालक अतितीव्र कुपोषित. तात्काळ रोज एक अंडे व दोन केळी द्यावीत. वरिष्ठांना कळवण्यात आले आहे.

"मला?" आदिनाथ म्हणाला.

"बस तिथं," कोंडाबाई म्हणाली. ॲप खोटं का होईना, उपाशी लेकरू म्हणून नाव घेत होतं. असं लेकरू तसंच धाडायचं तिच्या जिवावर आलं. गुरम्मानं अंडं उकडलं. आदिनाथनं ते सोललं, खाल्लं, केळी खाल्ली, मग येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला. नाव नव्हतं, पण रोज एक अंडं असं लिहिलं होतं ना, म्हणून.

दूर गेलेल्यांचे व्हिडिओ कॉल. त्यांच्या नावावर त्यांची आई बोट लावायची. पुनम लातूरला क्लासच्या जिन्यात उभी होती, कानात पेन.

"बाई, वजन नका ना विचारू. मेसचं खाऊन वाढलंय."

"वाढलंय म्हणलीस, गुणाची गं माझी."

पुनमनं आकडा कुजबुजत सांगितला, येते म्हणाली, तिच्या आईनं बटण दाबलं. मग पुनम आणि कोंडाबाई पडद्यावर एकमेकींकडं बघत उभ्या. पुनम कोंडाबाईचीच विद्यार्थिनी. लाल बटण तीही दाबीना. मागं क्लासची घंटा झाली. शेवटी एका अनोळखी मास्तरचा हात पडद्यावर आला आणि फोन ठेवला गेला. "देव भलं करो त्याचं," कोंडाबाई म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत एकशे ब्याऐंशी झाले. एक राहिलं.

आरती. तिचे आईबाप विहिरी खोदणारे. नऊ वर्षांपूर्वी शाळेमागच्या पिंपळाखाली पाल ठोकून राहिले होते. चार वर्षांची पोरगी दोन महिने अंगणवाडीत आली, रोज कोंडाबाईच्या पदराला धरून बसायची, घास भरवल्याशिवाय खायची नाही. एका सोमवारी आली नाही. कोंडाबाई बघायला गेली तर पाल नव्हतं, तीन दगडांच्या चुलीतली राख अजून कोमट होती. कुठून आले, कुठं गेले, कुणाला ठाऊक नाही. रजिस्टरमध्ये गावापुढं तिनं तेव्हा लिहिलं होतं: पिंपळ.

शुक्रवारी सकाळी विशाखा मॅडम साडेदहालाच आल्या. "एकच ना? दाबा, कोंडाबाई. त्या लेकराला आपण कुठून आणणार?"

"ती येते म्हणालेली न्हाई."

"तुमची नोकरी जाईल हो!"

कोंडाबाईनं बाहेर बघितलं. एकतीस लेकरं गणवेश घालून, पावडर लावून बसली होती. त्यांच्या दप्तरांच्या खुंट्या, भिंतीवरचा तिनं काढलेला मोर, कोपऱ्यातला माठ. कमरेची किल्ली तिला एकाएकी जड वाटली. दुसऱ्या कुणाच्या कमरेला ती कशी दिसेल, हे तिनं मनात आणून बघितलं आणि ते तिला बघवेना.

फाट्यावरून भुजंगचा फोन आला. "बाई, पांढरी गाडी वळली."

कोंडाबाईनं देवाचं नाव घेतलं. रजिस्टरमधलं आरतीचं जुनं वजन आणि उंची भरली, तिच्या नावावर बोट धरलं. बटण आलं. तिनं डोळे मिटले आणि दाबलं. चार वर्षांत पहिल्यांदा, स्वतःच्या बोटानं.

"झालं?" तिनं डोळे न उघडताच विचारलं.

"नाही. परत विचारून राहिलंय," मॅडम म्हणाल्या. एवढ्या दिवसांत एकशे ब्याऐंशी जणांना ॲपनं हेच विचारलं होतं आणि त्यांनी ते दाबलंही होतं. कोंडाबाईनं मात्र एकदाही पडद्यावरचं वाचलं नव्हतं, फक्त चेहरा दाखवला होता. "खात्री आहे का, म्हणतंय. खाली दोन बटणं. एक डिलीट, एक कॅन्सल."

कोंडाबाईनं डोळे उघडले. दोन्ही शब्द शिवलेल्या पानातले. पुढं आड, मागं विहीर.

"ह्यात चांगलं बटण कोणतं?"

"चांगलं-वाईट काय त्यात? डिलीट दाबलं तर नाव जाईल. कॅन्सल दाबलं तर..." मॅडम शब्द शोधू लागल्या. "तर, नको. राहू द्या. असं."

"अय्यो बाई," गुरम्मा दारातून ओरडली, "म्हणजे बेडा!"

कोंडाबाई फोनकडं बघत राहिली. इतका वाईट दिसणारा शब्द. भाचीचं लग्न मोडणारा. आणि त्याचं काम काय, तर जाणाऱ्याला दारात अडवणं. यमाला सुपाबाहेर थांबवायला चांगलं नाव कुठं उपयोगी पडलं होतं? तिथं कोंडाच लागला.

"कॅन्सल," ती मोठ्यानं म्हणाली, आणि दाबलं.

विशाखा मॅडम काही बोलायच्या आत गाडी दारात उभी राहिली.

पथकाचे साहेब जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. त्यांनी लेकरं मोजली. एकतीस. यादी बघितली. बत्तीस.

"एक गैरहजर?"

"हाव साहेब."

"कारण?" त्यांनीच पडदा जवळ घेऊन वाचलं. "'यायची हाय.' बरं." बत्तीसात एक गैरहजर म्हणजे काहीच नव्हे, मागच्या गावात निम्मी नव्हती. साहेबांनी खूण केली. मग कागद उलटला. "आणि हा कोण? अतितीव्र कुपोषित. आदिनाथ. सोमवारी दहा किलो चारशे ग्रॅम. ह्या लेकराला बघायला मी मुद्दाम आलोय. कुठंय?"

कोंडाबाईनं विशाखा मॅडमकडं बघितलं. मॅडमनी छताकडं बघितलं. गुरम्मा स्वयंपाकाच्या खोलीकडं तोंड करून म्हणाली, "आदिनाथ, ये रे."

आदिनाथ अंडं सोलत बाहेर आला. दारातून येताना त्याला वाकावं लागलं. साहेब खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान वर केली, आणखी वर केली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"हाच बालक?"

"हाव साहेब," आदिनाथ म्हणाला. खोटं बोलायचं नाही हे कोंडाबाईनंच शिकवलं होतं.

"सोमवारी दहा किलो होता?"

"मोबाईलमधी होतो."

"आणि आज शुक्रवार."

"रोज अंडं देऊन राहिले, साहेब. दोन केळी पण."

साहेबांनी बराच वेळ विचार केला. मोबाईल आणि माणूस समोरासमोर आले की मोबाईल खरा धरायचा, एवढी नोकरी त्यांची झाली होती. मग त्यांनी पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं: 'बालकात लक्षणीय सुधारणा. सेविकेचे काम समाधानकारक.' खाली सही केली आणि उठले.

"ठीक आहे. जातो."

"साहेब!" कोंडाबाई ओरडली.

विशाखा मॅडम साहेबांच्या पाठीमागून दोन्ही हातांनी खुणा करू लागल्या, नको, जाऊ द्या, परत बोलवू नका. पण तोवर गुरम्मा पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. साहेबांना परत आत यावं लागलं, बसावं लागलं, पाणी प्यावं लागलं.

"असं जातो म्हणू नये साहेब. येतो म्हणावं."

"येतो," साहेब म्हणाले आणि गेले. पुढच्या वर्षी ते खरंच येतील, हे मॅडमना त्याच क्षणी कळून चुकलं.

दुपारी लेकरं झोपल्यावर कोंडाबाईनं वही काढली. शिवलेल्या पानाचा दोरा सुईच्या टोकानं एका बाजूनं उसवला. कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा मांडीवर पडला. तिनं आतून एकच शब्द शोधला, त्याच्यावर रेघ मारली नाही, नुसतं बोटानं कुंकू लावलं आणि पहिल्या पानावर, 'सेव्ह'च्या खाली, चांगल्या अक्षरात लिहून घेतला. समोर अर्थ लिहिला: बेडा.

"बाई, उघडलंच हाय तर आणखी एकदोन बघायचे का?" गुरम्मानं विचारलं. "तो एरर कसा हाय कुणास ठाऊक. निघाला चांगला तर?"

कोंडाबाईनं क्षणभर विचार केला. मग ताजा पाला घातला, सुईत दोरा ओवला आणि सदतीस शब्द पुन्हा आत शिवून टाकले.

"कॅन्सल," ती म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.